पहिली पेंडी

मुक्काम ताडकळस,
आश्विन वद्य

प्रिय मल्लम्मा,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू मला प्रिय असावीस असं काही घडलेलं नाही, आणि मी तुला असावी असंही नाही. माझ्या लेकीच्या जागी तू आलीस. तिच्या चुलीपुढं बसतेस, तिच्या रांजणातलं पाणी पितेस, तिच्या पोरीची वेणी घालतेस. यात तुझा गुन्हा नाही हे मला कळतं. सेलूच्या दुकानदारानं लेक बिजवराला दिली, त्यात लेकीला कोण विचारतं? कळतं सगळं. पण कळलेलं सगळं गिळता येतंच असं नाही. तुझ्या लग्नाच्या अक्षता आल्या त्या मी अंगणात फेकल्या. चिमण्यांनी खाल्ल्या. त्यांना कुणाच्या का असेनात.

परवा चतुराबाई कासारीण आली. मला आता बांगड्या नकोत, तरी ती माझ्या ओट्यावर टेकते, कारण गावोगावच्या बातम्या वाहून तिची मान दुखते आणि त्या उतरवायला तिला माझ्यासारखंच तोंडाचं फाटकं माणूस लागतं. म्हणाली, झरीच्या मन्मथअप्पांच्या नव्या सुनेला चुडा भरत होते, हात माझ्या हातात होता, तेवढ्यात तिनं खालच्या आवाजात सांगावा दिला. तो सांगावा तिनं मला जसाच्या तसा सांगितला. चुकलेलं वासरू हुडकत तू वरच्या माळावर गेलीस, माझी नात काशी तुझ्या मागं होती. दगडाच्या कडेला हातभर जनावर वेटोळं करून बसलेलं होतं. तुम्ही थांबलात तरी ते गेलं नाही, बसल्या जागी वाजत राहिलं. घरी सांगितलंस तर तुझा नवरा, बसवंतराव, म्हणाले, डुरक्या असंल, इषारी नसतो, लय मनावर घेऊ नको. तरी तुला राहवलं नाही, आणि तू चतुराबाईला म्हणालीस, "पहिल्या बाईच्या आईला विचारा, ते काय होतं."

पहिल्या बाईची आई. बरं नाव ठेवलंस.

दोन वर्षांत त्या घरातून मला काही विचारलं असेल तर एवढंच. बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण विचारलंस आणि वेळेत विचारलंस. दिवाळी झाली की माळ कापायला खुला होईल, आणि त्या घराचा रिवाज आहे की माळाची पूजा करून पहिली पेंडी घरच्या सुनेनं कापायची. पायात काही न घालता गवतात शिरायचं, विळा घालायचा, पेंडी बांधून बाहेर आणायची, मग मजूर बायांनी आत जायचं. यंदा ती सून तू. म्हणून हे पत्र दिवाळीच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे. टपालानं पाठवत नाही, टपाल आधी तुझ्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या हाती जातं. चतुराबाई पेटीच्या तळाशी घालून आणील. तुला वाचता येतं असं ती म्हणाली. माझ्या अक्षराला हसू नकोस. बापानं मठात स्वामींच्या पुढं बसवलं होतं, शिवाचं नाव वाचता येण्यापुरतं. ते येताच उठवलं. पुढची अक्षरं मी भिंतीआडून ऐकून शिकले, म्हणून ती अशी भिंतीला टेकून उभी असल्यासारखी येतात. लढाईपायी घासलेट मिळत नाही, तेव्हा ऊन आहे तोवर ओट्यावर बसून लिहायलेय. शेजारची विचारून गेली, कुणाला लिहिता मावशी. म्हणाले, सोयरीक जमवायलेय. गेली बिचारी खूश होऊन.

तर जनावर. तू सेलूची, तुला सरकीची पोती माहीत आणि जिनिंगचा भोंगा माहीत. माळ तुला कुठून माहीत असणार? नीट वाच आणि काशीलाही सांग, ती आता पाचाची झाली असंल, तिला कळंल.

डुरक्या असतो जाड. मुसळासारखा. डोकं कुठं संपलं आणि मान कुठं सुरू झाली ते कळत नाही, आणि शेपूट तर तुटल्यासारखं बोथट. आळशी असतो. मातीत तोंड खुपसून पडतो, त्याला हलवलं तर नाइलाजानं हलतो, आमच्या धाकट्या दिरासारखा. आणि तो वाजत नाही. घोणस वाजते, पण ती फुसफुसते, लोहाराचा भाता चालावा तशी, आणि ती लांब असते, अंगावर साखळीसारखे गोल गोल डाग. त्या दोघांना बघून पुष्कळ लोक फसतात. पण फुरसं वेगळं. ते लहान असतं, बोटाएवढं जाड, हातभर लांब, मातकट रंगाचं, मान बारीक आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. त्याला त्याच्या लहान असण्याचा लय राग असतो. माणूस दिसला की बाकीची जनावरं वाट सोडतात, ते सोडत नाही. आपण डोक्यावर घागर घ्यायला चुंबळ करतो ना, तसं वेटोळं करून बसतं आणि ती वेटोळी एकमेकांवर घासतं. अंगाची खवलं करवतीसारखी असतात त्याची. त्यातून आवाज येतो. तोंडातून नाही, अंगातून. सुपात रेती घालून पाखडावी तसा, खस्स खस्स खस्स. आणि मग बसल्या जागेवरून उडी घेतं.

चतुराबाईला मी विचारलं, कसं वाजत होतं म्हणाली ती? चतुराबाईनं दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले. तूच तिला तसं करून दाखवलं होतंस म्हणे.

पोरी, ते फुरसं होतं. डुरक्या नव्हे. वासरू नाही मिळालं तर न मिळो, काशीला घेऊन त्या बाजूला पुन्हा जाऊ नकोस.

एवढं सांगून थांबले असते तरी तुझ्या सांगाव्याचं उत्तर झालं असतं. पण तू ज्या माणसाच्या घरात आहेस तो माळावर वाढलेला आहे. त्याला हे माहीत नाही असं तुला वाटतंय का? बसवंतरावांना अंगणात बसून आवाजावरून जनावर ओळखता येतं. माझी लेक उमाच मला कौतुकानं सांगायची. नव्या नवरीचं कौतुक असतं तसं, नवरा शिंकला तरी त्यात सूर सापडतो. मग हा माणूस फुरशाला डुरक्या का म्हणतो, ते तुला कळायला पाहिजे.

तुमचा वरचा माळ दगडाचा. त्यात जोंधळा येत नाही, कापूस येत नाही, येतं ते गवत. पूर्वी त्याला कोणी विचारत नव्हतं. लढाई लागली, फौजेच्या घोड्यांना चारा लागू लागला, आणि परभणीच्या गुत्तेदारानं तुमच्या माळाचा ठेका धरला. तेव्हापासून आप्पांच्या पागोट्याला पीळ जास्त आहे. पण गवत आपोआप कापलं जात नाही. ते कापायला येते धुरपताबाई आणि तिच्या संगं तिच्या वाडीच्या बाया. दुसरं कोणी त्या माळावर यायला राजी नाही, कारण धुरपताबाई जिथं जाते तिथं बाकीच्या जातात आणि ती नाही म्हणाली की कोणी पाऊल उचलत नाही. खमकी बाई आहे. दर वर्षी माळाच्या तोंडाशी उभी राहून विचारते, काही हाय का आत? फुरसं आहे म्हटलं तर ती विळा कमरेला खोचून माघारी जाईल, आणि गवत उभं वाळेल. म्हणून त्या माळावर फुरसं नसतं. निझामाच्या सगळ्या मुलखात असेल, मन्मथअप्पांच्या माळावर नसतं. तिथं असतो डुरक्या.

उमाचं मी तुला काय सांगू? तुला ती घरात कुठं दिसतही नसंल. तिचं लुगडं कोणी काढून दाखवत नसंल, नाव कोणी घेत नसंल. लहानपणी ती घाबरायची नाही, एवढं सांगते. आमच्या परसात सरडा निघाला तर बाकीच्या पोरी किंचाळायच्या, ही त्याच्या शेपटीला धागा बांधायची. मी पाठीत धपाटा घालून म्हणायचे, तुला सासरी धाडलं की कळंल भीती म्हणजे काय. सासरी तिला भीती नाही शिकवली. मान शिकवला. नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, सासऱ्यापुढं वहाणा घालायच्या नाहीत, माळाच्या पूजेला अनवाणी जायचं. सगळं शिकली. हुशार होती.

त्या वर्षी पूजा झाली, नारळ फुटला, आणि उमा विळा घेऊन गवतात शिरली. धुरपताबाई आणि बाया माळाच्या तोंडाशी थांबलेल्या. पेंडी बांधायला वाकली तेव्हा दगडाआड ते वाजलं. तिनं ऐकलं. मागं सरली असती, पण सगळ्या बाया बघत होत्या. तिनं पेंडी आवळली, आणि ते घोट्याच्या वर डसलं. बसवंतराव धावले, विळ्याच्या टोकानं ते उचललं आणि लांब गवतात भिरकावलं. कोणाला नीट दिसलं नाही. दिसू दिलं नाही. मोठ्यानं म्हणाले, डुरक्या हाय, चला.

मग आप्पांनी तिला लिंबाखाली बसवलं आणि पाला खायला घातला. हा प्रकार तूही ऐकला असशील. कुणाला पान लागलं, म्हणजे जनावर डसलं, की त्याला कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष चढलं, कडू लागला तर काही नाही, उठ आणि कामाला लाग. सगळ्या बायांच्या देखत आप्पांनी विचारलं, कडू लागतंय का? उमा म्हणाली, लागतंय. बस. निवाडा झाला. बायांनी पदर खोचले आणि गवताला लागल्या. उमा घरी आली आणि त्याच पायावर उभी राहून तिनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या.

आता माझं ऐक. नागाच्या विषानं जिभेला चव लागत नाही म्हणतात, तो नाग जाणे आणि त्याला गळ्यात घालणारा जाणे. फुरशाचं विष जिभेकडं जातच नाही. ते रक्तात बसतं आणि सावकाश बसतं. माणूस हिंडतो, बोलतो, पाला चावून तोंड वाकडं करतो. माझी लेक कडू लागतंय म्हणाली आणि मेली. याच्यापेक्षा मोठा दाखला मी कुठून आणू?

मला सांगावा आला तो, उमाला ताप आहे म्हणून. ताडकळसहून झरी म्हणजे दिवसभराची गाडी. पोचले तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा झालेला, वर हळदीचा लेप. आणि तोंड विडा खाल्ल्यासारखं लाल. माझ्या उमानं जन्मात विडा खाल्ला नव्हता. हिरड्यांतून रक्त येत होतं, ओठ पुसला की पुन्हा येत होतं, बांगडी लागून मनगटावर ओरखडा उठला होता तोही वाहत होता. काशी तिच्या उशाशी बसून चिंधीनं तिचं तोंड पुसत होती. तीन वर्षांची पोर. उमानं मला ओळखलं. म्हणाली, "आई, सूप पाखडल्यासारखं वाजलं गं ते." एवढंच. मला दुसरं काही विचारायची गरज नव्हती.

मी बाहेर आले आणि बसवंतरावांना म्हणाले, हे फुरसं आहे, हिला परभणीच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. अंगणात धुरपताबाईच्या बाया भाकरी खात बसलेल्या. त्यांनी त्या बायांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मामी, हळू बोला. गाडी जुंपतो."

हळू बोलले. मला गाडी पाहिजे होती. त्या वेळी त्यांनी गाढव हो म्हटलं असतं तर मी रेंकले असते.

गाडी जुंपली. पण ती रिकामी नव्हती मल्लम्मा, गवतानं भरलेली होती. त्या गवतावर उमाला निजवलं आणि वरून चवाळं टाकलं. बायांना वाटलं, गवत निघालं गुत्तेदाराकडं. मी गाडीच्या मागं बसले, हात चवाळ्याच्या आत घालून तिचा हात धरून. काशीला घरी ठेवलं. वाटेत कोणी भेटलं की बसवंतराव राम राम घालत होते आणि गवताचं बोलत होते. पाऊस बरा झाला, गवत बरं आलं. चवाळ्याखालचा हात आधी गरम होता, मग कोमट झाला. परभणीची घरं दिसायला लागली तेव्हा मी म्हणाले, आता माघारी फिरवा. त्यांना वाटलं मी पुढं चला म्हणायलेय. दोनदा सांगावं लागलं.

दवाखान्यात काय असतं, मला माहीत नाही. सुई असते म्हणतात, असेलही. आम्ही तिथवर पोचलोच नाही.

आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून माती दिली, जंगम आले, सगळं शास्त्राप्रमाणं झालं, कशाला खोट काढू. गावात सांगितलं, ताप आला. काशीला सांगितलं, ताप आला. मी बोलले. झरीच्या चावडीपुढं उभी राहून बोलले की ताप नव्हे, तुमच्या माळावर फुरसं आहे. आप्पा सगळ्यांना म्हणाले, लेकीच्या दुःखानं म्हातारी बरळायली. लोकांनी मला पाणी आणून दिलं. प्यायले मी ते. उन्हाचं बोलून घसा वाळला होता. काशीला मागितलं, तर म्हणाले, आमच्या घरची पोर आहे.  आणि गुत्तेदार आला, गवत गेलं, दुसऱ्या वर्षी सून नव्हती म्हणून आप्पांच्या बहिणीनं पेंडी कापली. तिला काही झालं नाही. जनावर रोज एका जागी बसत नाही. त्यामुळं माळ अजून चांगला झाला. त्यानंतर तू आलीस.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. गुडघे गेले, दात आहेत. जोंधळ्याची लेव्ही घ्यायला सरकारी माणसं आली होती, त्यांना मी कणगीत डोकावून बघा म्हटलं, बघितलं त्यांनी आणि तेच ओशाळले. विरूपाक्ष, माझा मुलगा, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. बरं आहे, बायको शहाणी आहे. या घरात माझं तोंड सोडून काहीच फाटकं नाही. काशी कोणासारखी दिसते, ते चतुराबाईला विचारलं, तर ती म्हणाली नाक तुमचं. दैव बघ पोरीचं.

तुला काही झालं तर काय करायचं तेही लिहून ठेवते. पाला चावू नकोस. कोणी दिला तर थुंक. चालू नकोस, भाकरी थापू नकोस, तो पाय हलवू नकोस, आणि गाडी जुंपल्याशिवाय गप्प बसू नकोस. रिकामी गाडी. गवत नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी मी लेखणी धरली. फुरसं कसं असतं हे चतुराबाईच्या तोंडीही सांगता आलं असतं, त्याला एवढा कागद कशाला नासवला असता? गेल्या वर्षी माळ खुला व्हायच्या आत मी तिच्याच हाती धुरपताबाईला सांगावा धाडला होता, की बाई, त्या माळात जाऊ नकोस, तिथं फुरसं आहे, माझी लेक त्यानंच गेली. धुरपताबाईचं उत्तर आलं. ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, विरूपाक्षालाही नाही. ती म्हणाली, "मी दर साली इचारते, तवा बी इचारलं. तुमच्या लेकीनंच सांगितलं, डुरक्या हाय बाई, या खुशाल. आन् आमच्या म्होरं अनवाणी आत गेली. आता लेकीचं खरं धरू का आईचं?" तुझ्यासारखाच उमानं तो आवाज आदल्या आठवड्यात ऐकला होता, तुझ्यासारखंच तिनं नवऱ्याला विचारलं होतं (चुडा भरताना ती चतुराबाईला तसं बोलली होती, मला ते मागाहून कळलं), आणि नवऱ्यानं सांगितलं तेच तिनं माळाच्या तोंडाशी उभं राहून त्या बायांना सांगितलं. माझ्या लेकीनं. मी नऊ महिने पोटात वाहिलेल्या पोरीनं वाडीच्या गरीब बायांना खोटं सांगितलं, आणि ते खरं करायला स्वतः पुढं गेली. तिचा मला किती राग आहे हे तुला सांगून कळणार नाही. पण धुरपताबाईचं चुकलं नाही. त्या माळावर पहिल्या पेंडीवालीचा शब्द चालतो, माझा नाही, आणि यंदा ती पेंडीवाली तू आहेस. ती येईल, कमरेवर हात ठेवील आणि विचारील, काही हाय का आत? तेव्हा आप्पा तुझ्या मागं उभे असतील, बसवंतराव असतील, काशी पाण्याची कळशी घेऊन असेल. तू धुरपताबाईच्या तोंडाकडं बघून सांग, फुरसं हाय. मोठ्यानं सांग. नंतर घरात तुला कोणी पाटावर बसवणार नाही, हे मी आत्ताच सांगते. बोलणी बसतील, कदाचित हातही उठंल, गवत उभं वाळेल आणि ते तुझ्या कपाळी मारतील. घराबाहेर काढलं तर ताडकळसला ये, काशीला घेऊन ये. मी तुझं तोंडभरून स्वागत करणार नाही, पण दार लावणार नाही. चतुराबाईच्या पेटीत दोन जोड वहाणा आहेत. लहान जोड काशीचा, तिचा पाय केवढा झाला मला माहीत नाही, म्हणून थोडा मोठाच करवलाय. दुसरा तुझा. तुझं माप माझ्याकडं नव्हतं, म्हणून चांभाराला माझाच पाय दिला, उमाचा आणि माझा पाय एक होता. नारळ फुटला की सासऱ्यापुढं पायात घाल. ज्या शिवाच्या गळ्यात लांबडं असतं त्याला तुझ्या वहाणांचा विटाळ होणार नाही. सैल झाल्या तर आत चिंधी घाल.

तुझीच म्हणावं असं आपल्यात काही नाही, तरी दुसरा शब्द मला लिहिता येत नाही.

तुझीच,
नीलम्मा,
पहिल्या बाईची आई